अहो, ॲरिझोना

गावाच्या पाटीवर मधलं अक्षर जे आहे,
पण इथे कुणी त्याचा ज करत नाही.
आहो म्हणतात. स्पॅनिशमध्ये लसूण.
तांब्याची खाण बंद पडून चाळीस वर्षं झाली,
खड्डा तेवढा राहिलाय, गावापेक्षा मोठा,
आणि चौकात ताडाची झाडं. नुसतीच उभी.

मी उंदीर मोजते. सरकारी नोकरी आहे.
संध्याकाळी कोरड्या ओढ्याच्या वाळूत
साठ पिंजरे मांडायचे, प्रत्येकात चमचाभर राळे,
आणि पहाटे चारला, ऊन चढायच्या आत,
एकेक उघडून बघायचा.

कांगारू उंदीर.
कापडी पिशवीत वजन: एक्केचाळीस ग्रॅम.
शेपूट अंगाहून लांब, टोकाला झुपका.
हा जन्मात पाणी पीत नाही.
कोरडं बी खातो, आणि त्या पिठातूनच
आत कुठेतरी पाणी तयार होतं,
थेंबाच्याही खालच्या मापाचं.
दिवसभर बिळाचं तोंड बुजवून बसतो.
बाहेर जाणारा श्वास नाकाच्या टोकाशी गार होतो,
त्यातली ओल तिथेच उतरवून घेतो.
लघवी म्हणाल तर काकवी.

पहिल्या दिवशी आईला फोन केला, चिपळूणला,
जिथे काडेपेटी सादळते, पापडांवर बुरशी येते
आणि श्रावणात टॉवेल चार-चार दिवस आंबट राहतो.
"पोचले," म्हटलं.
"गावाचं नाव काय म्हणालीस?"
"आहो."
ती गप्प.
मला वाटलं लाइन गेली.

बाबांना जाऊन अकरा वर्षं.
त्यांचं नाव तिने चारचौघांत एकदाच घेतलं, उखाण्यात,
तेही अर्धं हसण्यात बुडालं.
पुढे त्रेचाळीस वर्षं एकच शब्द
स्वयंपाकघरातून ओटीवर जायचा:
चहा झालाय, गॅस संपलाय,
दारात कुणी आलंय बघा.
शेवटी एकदा, हॉस्पिटलच्या जिन्यात, नुसताच.
मग तो कुठे ठेवला तिने
मी विचारलं नाही.

शेजारची लोरीन अँटोन इथली, मुळातली.
जूनमध्ये सग्वारोची फळं काढायला मला नेते,
मेलेल्या सग्वारोच्याच दोन फासळ्या बांधून केलेली काठी घेऊन.
खोडाला निऱ्या असतात, पाणी मिळालं की सुटतात,
सरलं की पुन्हा मिटतात.
पहिला हात फुटायला सत्तर वर्षं.
कुणाकुणाला फुटतच नाही.
"झाड म्हणू नकोस," लोरीन म्हणते, "माणसं आहेत ती."
मी मान वर करून बघते. फळ थेट कपाळावर पडतं,
आणि ती हसत बसते, बराच वेळ.

आता आईचा फोन रोज येतो.
आधी रविवारीच यायचा.
इथे पहाटेचे चार, तिकडे साडेचार, चहाची वेळ.
"अहो कसं आहे आज?"
"अहोत रात्री तरी वारं सुटतं का?"
एकदा मी सांगितलं, अ नाही ग, आ. आहो.
"तेच म्हणतेय मी," म्हणाली.
कॅलेंडरच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाखाली,
रोज लिहून ठेवते: अहो, ४४. अहो, ४६.
मावशीने विचारलं, हे काय?
तर म्हणे, हवामान.

आज सदतिसाव्या पिंजऱ्यात एक मादी होती,
गालांच्या पिशव्या राळ्यांनी गच्च.
तळहातावर घेतली तर चावली नाही.
सोडली. दोन उड्यांत बिळात.
फोन वाळूवर, स्पीकर चालू.
"अहो," आई म्हणाली,
आणि पुढे काहीच नाही.
मी मध्ये बोलले नाही.
बिळाच्या तोंडाशी आतून वाळू सरकत होती,
चिमूट चिमूट, भोक बुजेपर्यंत.

"फार कोरडं आहे ना तिथे?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.
"हो."
"मग जगतं कसं सगळं?"
मी वहीत वजन लिहिलं.
चहा उकळत असावा. झाकणाचा आवाज आला.